पुढची तारीख

स्तनाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला गेला आहे ही बातमी आपल्याकडे पुष्कळदा जिला तो झाला तिलाच सगळ्यांत शेवटी कळते. डॉक्टरांच्या केबिनमध्ये नवरा आणि दीर जातात. ती बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली असते. आत दोघांनी विनवलेलं असतं, "तिला काही सांगू नका, खचून जाईल." बाहेर येऊन ते म्हणतात, "गाठ आहे, औषधानं जाईल." समजा, ही बाई पुण्याजवळच्या भोसरीची आहे. वय चौतीस, लांडेवाडीत भाड्याच्या दोन खोल्या, शाळेत जाणारी दोन मुलं, एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगचं काम. रिपोर्टातले शब्द ती रात्री मोबाइलवर शोधते आणि सकाळी सगळ्यांना चहा देताना काही कळलंच नाही असं वागते. घरातला प्रत्येक जण दुसऱ्यापासून एकच गोष्ट लपवत असतो.

या लपवालपवीत माया असते, हे खरंच. पण तिच्या मुळाशी आशेविषयीची एक समजूतही असते: आशा म्हणजे 'तू पूर्ण बरी होशील' हे वचन. ते देता येत नसेल तर गप्प बसावं, नाहीतर खोटं बोलावं. मला वाटतं, चौथ्या स्टेजच्या बाईला लागणारी आशा निराळी असते. औषध, पगार, झोप आणि सोबत यांची तजवीज झाली की ती येते. म्हणूनच ती एकट्या डॉक्टरांच्या किंवा देवाच्या हातात नाही.

आधी आजाराचं बोलू. चौथी स्टेज म्हणजे कॅन्सर हाडं, यकृत, फुप्फुस अशा दुसऱ्या अवयवांत पोचलेला. तो मुळापासून सहसा जात नाही, पण आवरून धरता येतो. कितपत, हे प्रकारावर ठरतं. हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात, पाळी न गेलेल्या तरुण बायकांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. नेहमीच्या हार्मोन उपचाराला रायबोसिक्लिब या गोळीची जोड दिलेल्यांपैकी साडेतीन वर्षांनी सुमारे 70 टक्के हयात होत्या. जोड न दिलेल्यांपैकी 46 टक्के. याच कुळातल्या पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. हर-टू प्रकारावरच्या ट्रास्टुझुमॅबचं देशी रूप 2014 पासून मिळतं. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात मात्र औषधांचा हात अजून तोकडा आहे. हे आकडे कोणा एकीचं भविष्य सांगत नाहीत, पण 'शेवटची स्टेज म्हणजे आता काही उरलं नाही' हे वाक्य खोटं पाडायला पुरेसे आहेत.

दुसरं खोटं जास्त बोचरं आहे: "वेळेवर दाखवलं असतं तर ही वेळ आली नसती." नातेवाईक हे हळहळून म्हणतात, ती ते आरोप म्हणून ऐकते. टाटा मेमोरियलने मुंबईत 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं एक चाचणी चालवली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली. त्यामुळे पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तशी घट दिसली नाही. गाठ लागली तर लगेच दाखवावी, यात वाद नाही. पण तरुण वयातला कॅन्सर पुष्कळदा वेगाने वाढतो, आणि अंगावर दूध पिणारं मूल असेल तर गाठ 'दुधाची' म्हणून बाजूलाही पडते. चौतीस वर्षांच्या बाईच्या माथी तिच्या आजाराचा दोष मारण्याचा अधिकार आपल्याला कुठल्याच आकडेवारीने दिलेला नाही.

तिसरं खोटं गोड आहे: "मन खंबीर ठेव, मनच बरं करतं." याला एकेकाळी शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं वाटलं होतं. 1989 मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी दाखवलं, की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून बोलल्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर हे उचललं गेलं. मग 2001 मध्ये कॅनडात 235 बायकांवर तोच प्रयोग झाला. आयुष्य वाढलं नाही. पण ज्या बायका मनाने फार खचलेल्या होत्या, त्यांना उभारी आली, दुखणंही कमी जाणवलं. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त दिलासा देणारा वाटतो. सोबतीने दिवस वाढत नसतील, तर सोबत हवीच कशाला, असं कोणी विचारेल. दिवस सुसह्य होतात, एवढं कारण पुरत नाही का? शिवाय, मनाने बरं होता येत नसेल तर ज्या बाईचा आजार वाढला ती मनाने कमी पडली, असंही ठरत नाही. 'झुंज', 'लढवय्यी' हे शब्द वापरताना हे ध्यानात ठेवावं, कारण झुंजीत कोणीतरी हरतंच.

सोबतीतला सगळ्यांत बोलका भाग पगाराचा. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारात पुढे 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. अट एवढीच, की आधीची दोन वर्षं नोकरी सलग हवी आणि त्या काळात किमान 156 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. भोसरी-चाकण पट्ट्यात कोणालाही विचारा, ही अट कुठे अडते ते सांगेल. ठेकेदाराकडे सहा-सात महिने झाले की 'ब्रेक' देण्याची रीत आहे. बाई त्याच मशिनवर पाच वर्षं उभी असते, कागदावर मात्र तिची नोकरी तुकड्यातुकड्यांत असते. ब्रेक देताना कोणाच्या मनात कॅन्सर नसतो. पण चौथ्या स्टेजला त्या तुकड्यांचा हिशेब होतो, आणि तेव्हा 'धीर धर' म्हणणारा सुपरवायझर तिला काहीच देत नसतो.

वाटा नाहीत असं नाही. चिंचवडमध्ये मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना लागू करून तिची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय शासनाने 2023 मध्ये घेतला. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. पण यातल्या प्रत्येक वाटेवर कागद आहेत, रांगा आहेत, आणि केमोनंतर उलट्या होणाऱ्या बाईला रांगेत उभं राहता येत नाही. तिच्या जागी रांगेत उभं राहणारं माणूस ही मोठी मदत आहे. भिशीतल्या बायकांनी, लाइनवरच्या मैत्रिणींनी वार वाटून घ्यावेत: एकीने मुलांना शाळेतून आणावं, एकीने कागद पाहावेत, एकीने नुसतं जवळ बसावं.

आणि दुखणं. 'पॅलिएटिव्ह' म्हटलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 पासून हीच सेवा रुग्णांना विनामूल्य देत आलं आहे. तिथे उपचार सोडून जायचं नसतं; उपचार चालू असतानाच वेदना, झोप, भूक आणि घरच्यांची घालमेल यांकडे पाहिलं जातं. रात्रभर कंबर ठणकत असेल तर कुठलीच आशा टिकत नाही. म्हणून वेदना थांबवणं ही आशेची पहिली पायरी.

राहिला प्रश्न सांगण्याचा. काही बायकांना खरंच सगळं जाणून घ्यायचं नसतं, आणि तोही त्यांचा अधिकार आहे. पण तो त्यांनी वापरायचा. नवऱ्याने त्यांच्या वतीने नव्हे. "तुम्हाला किती सांगू?" हा एक प्रश्न डॉक्टरांनी तिला विचारला, तरी पुष्कळ काही सुधारेल. कारण तिलाही ठरवायचं असतं: धाकटीला या वर्षी कुठल्या शाळेत घालावं, गावाकडची जमीन विकू द्यावी की नाही, माउलींची पालखी आळंदीहून निघेल तेव्हा दिघीपर्यंत चालवेल का. ही ठरवाठरवी म्हणजेच तिची आशा. ती वर्षांत मोजत नाहीत. फाइलवर लिहिलेल्या पुढच्या तारखेपर्यंत मोजतात, मग तिच्या पुढच्या.

त्या तारखेला केबिनमध्ये खुर्ची एकच असेल, तर नवऱ्याने आणि दिराने उभं राहावं.