कोटेशनची दुसरी ओळ

कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारं कोटेशन खालून वर वाचावं. वरून वाचायला घेतलं की माणूस पहिल्याच ओळीत अडकतो. तिथे प्रोसेसरचं नाव, गाव, कूळ सगळं असतं: कंपनी, पिढी, चार-पाच आकडे, शेवटचं अक्षर. दुसऱ्या ओळीत मदरबोर्ड, आणि तिथे लिहिणाऱ्याचा हात एकदम आखडतो. ‘एच६१० बोर्ड’, बस्स. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, वॉरंटी किती, काही नाही. उजवीकडे दोन्हींची मिळून एकच रक्कम आणि तिच्या डोक्यावर फुली मारलेली मोठी रक्कम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत या जोडीला ‘कॉम्बो’ म्हणतात.

माझ्या भाच्याने सांगलीहून अशी तीन कोटेशनं व्हॉट्सअॅपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘मामा, गेमिंगसाठी यातला कुठला कॉम्बो घेऊ? उद्यापर्यंतच ऑफर आहे.’ ऑफर नेहमी उद्यापर्यंतच असते, ते सोडा. पैसे ताईच्या भिशीतले आहेत हे त्याने लिहिलं नव्हतं. ते ताईकडूनच कळलं. पहिला कॉम्बो इंटेलच्या आय५-१२४००एफचा, एच६१० बोर्डासह. दुसरा एएमडीच्या रायझन ५ ५६००चा, बी४५० बोर्डासह. तिसरा रायझन ५ ७६००चा, बी६५०सह. तिन्ही प्रोसेसर सहा कोअरचे. तिसऱ्याची रक्कम मात्र पहिल्या दोघांच्या जवळजवळ दुप्पट.

सवलत म्हटली की काहीतरी काळंबेरं असणारच, असं मानणारी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. इथे तसं मानायचं कारण नाही. इंटेलने २०२१च्या अखेरीस १७०० पिनांचं सॉकेट आणलं, त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या बसवल्या, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये १८५१ पिनांचं नवं सॉकेट बाजारात आणलं. जुन्या बोर्डांवर आता नवी पिढी बसायची नाही. एएमडीचं एएम४ सॉकेट त्या मानाने फार टिकलं. पहिले रायझन २०१७मध्ये आले, आणि त्या वर्षी घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी चालवता आला. पण २०२२मध्येच एएम५ आलं आणि एएम४चाही पुढचा रस्ता संपला. ज्या मालाचा पुढचा रस्ता संपला तो दुकानदार स्वस्तात काढणार, यात गैर काय? साड्यांचे सेल यावरच तर चालतात.

पुढचा रस्ता बंद म्हणजे मशीन बंद नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवं. ‘नंतर अपग्रेड करता येईल’ म्हणून बोर्डावर जादा पैसे घालणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या बहुतेकांनी पाच-सहा वर्षांनी बोर्डासकट सगळंच बदललं. उघड्या रस्त्याचं भाडं भरलं आणि त्या रस्त्याने कधी गेलेच नाहीत. एएम५ला २०२७पर्यंत आणि त्याहीपुढे साथ देऊ, असं एएमडी म्हणते. चांगलं आहे. पण त्यावर फक्त डीडीआर५ रॅम बसते. कारखान्यांची क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले, की कॉम्बोत वाचलेले पैसे शेजारच्याच काउंटरवर जावेत.

कॉम्बोच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलायला हवी, कारण सहसा ती कुणी बोलत नाही. प्रोसेसर एका दुकानातून आणि बोर्ड दुसरीकडून आणला आणि मशीन सुरूच झालं नाही, तर प्रोसेसरवाला बोर्डवाल्याकडे बोट दाखवतो आणि बोर्डवाला प्रोसेसरवाल्याकडे. जुन्या बायोसचा बी४५० बोर्ड रायझन ५६००ला ओळखतच नाही, आणि घरी बसून ते कळायला काही मार्ग नसतो. कॉम्बो देणाऱ्याला मात्र जबाबदारी झटकता येत नाही. ही खरी सवलत. फुली मारलेल्या रकमेत ती दिसत नाही.

गडबड सुरू होते ती दुसऱ्या ओळीत. हापूसच्या पेटीचा वरचा थर दाखवून खालचा झाकावा, तसा इथे प्रोसेसर दाखवतात आणि बोर्ड झाकतात. बोर्डावर सॉकेटच्या भोवती छोट्या काळ्या चौकोनी चिपांची रांग असते. पॉवर सप्लायकडून आलेले बारा व्होल्ट प्रोसेसरला चालतील इतके, म्हणजे सव्वा-एक व्होल्टाच्या आसपास, खाली आणायचं काम तिचं. या कामात ती तापते. चांगल्या बोर्डावर तिच्यावर ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा असतो. स्वस्तातल्या बोर्डावर ती उघडीच. आय५-१२४००एफसारख्या ६५ वॉटच्या प्रोसेसरचं अशा उघड्या बोर्डावर नीट भागतं. त्याच बोर्डावर तगडा आय७ बसवला तर अर्ध्या तासाच्या गेममध्ये बोर्ड तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग खाली आणतो, आणि आय७चे पैसे मोजलेला मुलगा गेमलाच शिव्या देत बसतो. म्हणजे बोर्ड वाईट नाही. एका जोडीत तो सज्जन आहे, दुसऱ्या जोडीत फसवणूक. कॉम्बो देणाऱ्याला हे ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं; सगळा व्यवहार या फरकावर उभा आहे.

नावाच्या शेवटचं ते ‘एफ’ घ्या. इंटेलच्या रिवाजात एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये चित्र उमटवायची सोयच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर काळाच राहतो. ‘कार्ड पुढच्या वर्षी घेऊ, सध्या कॉम्बोवर भागवू’ असा बेत करून कितीतरी पोरं एफवाला प्रोसेसर घरी आणतात, कारण तो हजार-दोन हजारांनी स्वस्त असतो. एएमडीत तर भल्याभल्यांची दांडी उडते. रायझन ५ ५६००च्या शेवटी अक्षर कुठलंच नाही, पण चित्र तोही देत नाही. ५६००जी देतो, ७६०० देतो, ७५००एफ देत नाही. ‘कार्ड आहे ना तुझ्याकडे?’ असं काउंटरपलीकडून विचारायला किती वेळ लागतो? जो विचारतो त्याची एखादी विक्री बुडत असेल. जो विचारत नाही त्याने खोटंही सांगितलेलं नसतं.

महाभारतात ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. आमच्या बाजारात सगळेच रथ मुळापासून जमिनीवर, त्यामुळे कुणाचा कधी खाली आला ते कळत नाही. ‘आय७ गेमिंग पीसी’ अशी जाहिरात पाहा. आय७ खराच असतो, फक्त तो २०११ साली आलेला आय७-२६०० असतो. त्याखालचा एच६१ बोर्ड कोऱ्या खोक्यातून निघतो, पण त्यावरची चिप त्याच काळातली. २०२२चा चार कोअरचा साधा आय३-१२१०० त्याला गेममध्ये सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १०ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. हे सगळं सांगून तोच कॉम्बो पाच-सहा हजारांत विकला तर मला काहीच आक्षेप नाही. ऑफिसच्या टायपिंगला, शाळकरी मुलाला ते यंत्र अजून पुष्कळ चालेल, आणि कचऱ्यात जाण्यापेक्षा बरं. डेटा सेंटरांतून निवृत्त झालेल्या झिऑन प्रोसेसरांचे चिनी बोर्डांसह मिळणारे कॉम्बोही त्याच जातीचे. आक्षेप आहे तो ‘गेमिंग’ या एका शब्दाला.

याच कॉम्बोने २०२१मध्ये उलटं तोंडही दाखवलं होतं. क्रिप्टोच्या नादात ग्राफिक्स कार्डं बाजारातून गायब झाली होती, आणि नुसतं कार्ड मागायला गेलं की दुकानदार म्हणायचा, सोबत प्रोसेसर आणि बोर्ड घेत असाल तरच देतो. गोडीगुलाबीची जोडी सक्तीची झाली. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधकारक व्यापार प्रथेत मोडतं. पण तेव्हा तक्रार करायला कुणाला फुरसत होती! कार्ड मिळालं हेच नशीब, म्हणून लोकांनी नको असलेले बोर्ड घरी नेले आणि पुढे ओएलएक्सवर विकले.

आता काउंटरच्या अलीकडे येऊ, कारण दुकानदाराला झोडपणं सोपं आहे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य दुकानदार उच्चारतो खरा, पण बऱ्याचदा ते त्याच्याकडून वदवून घेतलेलं असतं. प्रोसेसर आणि बोर्डावर अठरा टक्के जीएसटी आहे. वीस हजारांच्या कॉम्बोत तीन हजारांवर कर बसतो, आणि तोच अर्धा-अर्धा वाटून घेण्याला आपण घासाघीस म्हणतो. बिल न देणं त्याच ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरवलं आहे. बिल न मागणाऱ्याला मात्र कायद्याने मोकळं सोडलं. त्याची शिक्षा वेगळ्या वाटेने होते. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचा दोष उघड झाला: ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज ओढून घेत आणि हळूहळू झिजत, गेम मधेच बंद पडायचे. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज दुरुस्तीने भरून येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे खोकं आणि बिल होतं तोच हक्काने बदलून मागू शकला. आणि ज्याने आपला असा अडखळणारा प्रोसेसर बोर्डासकट ‘उत्तम स्थितीत, तातडीने विकणे आहे’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारला, तो दुकानदार नव्हता. तो तुमच्याआमच्यासारखाच ग्राहक होता.

आणि मग आमच्यासारखे मामा. घरोघरी एक कॉम्प्युटरातला जाणकार असतो आणि त्याचा सल्ला फुकट असतो, म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही. ‘अजून दोन हजार टाकलेस तर बी६५० येईल.’ ‘बी६५० घेतोच आहेस तर मग रॅम बत्तीस जीबी घे.’ ‘एवढं केलंस तर कूलरपाशी कशाला अडतोस?’ यातलं एकही वाक्य खोटं नसतं. दोन-दोन हजारांच्या पायऱ्या चढत मुलगा जिथे पोचतो ते मशीन सल्लागाराला हवं असतं, आणि भिशी आईची गेलेली असते. दुकानदाराच्या हेतूबद्दल निदान शंका तरी घेता येते. मामाच्या हेतूबद्दल कशी घेणार?

दुसऱ्या टोकाचे मामाही आहेत. ‘आय३ पुरे तुला’ असं ते म्हणतात, आणि मनात असतं ‘गेम कशाला खेळायचेत, अभ्यास कर’. गेमिंगबद्दल मत असेल तर ते उघड सांगावं. पोरगा वाद घालेल, घालू दे. प्रोसेसरच्या आडून नीतिपाठ देणं आणि बोर्डाच्या आडून नफा काढणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. भाच्याने मला कॉम्बो विचारला होता, आयुष्य कसं जगू हे विचारलं नव्हतं.

म्हणून आधी त्याला विचारलं, की घरी काय आहे. चुलतभावाच्या जुन्या मशीनमधून सोळा जीबीची डीडीआर४ रॅम आणि चालू स्थितीतलं ग्राफिक्स कार्ड मिळालं आहे, म्हणाला. मॉनिटर साधाच, साठ हर्ट्झचा. मग तिसरा कॉम्बो आपोआप बाद झाला, कारण ती रॅम त्यावर बसणारच नव्हती. साठ हर्ट्झच्या पडद्यावर पहिल्या दोघांतला फरक त्याला दिसलाही नसता. दुसरा घे म्हटलं, वाचतील ते पैसे पुढच्या कार्डासाठी ठेव. गेममध्ये जे दिसतं ते मुख्यतः कार्डामुळे. फक्त दुकानदाराकडून बोर्डाची कंपनी, मॉडेल आणि वॉरंटी लिहून घे, आणि पक्कं बिल माग.

दुसऱ्या दिवशी नवं कोटेशन आलं. दुसरी ओळ आता पहिलीपेक्षा लांब होती. बी४५०च्या जागी बी५५० आला होता, पुढे तीन वर्षांची वॉरंटी लिहिली होती आणि एकूण रक्कम साडेसहाशेने वाढली होती. ‘साडेसहाशेवर घासाघीस करू का?’ भाच्याने विचारलं. कर म्हटलं. ते तर त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.