गंध फुलाबाहेर कसा जातो?

जीव अणूएवढा आहे की सर्वव्यापी, या वेदान्तातल्या वादात फुलाच्या गंधाला साक्षीला बोलावले गेले आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात हा दृष्टान्त येतो. फूल एका जागी असते, गंध दूरवर दरवळतो. तसा जीव अणुरूपाने हृदयात असला तरी त्याचे चैतन्य सर्व शरीर व्यापते. रामानुजाचार्यांना हे सिद्धान्त म्हणून मान्य आहे. शंकराचार्य मात्र त्याला पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचे मत, ठरवतात. द्रव्य सोडून राहील तो गुण कसला? गंध पसरतो तो आपला आश्रय बरोबर घेऊनच.

पूर्वपक्षाची हरकत बिनतोड वाटावी अशी आहे. फुलाचे कण सुटून जात असतील तर फूल झिजायला हवे. झीज कळू नये इतके ते सूक्ष्म असतील, तर इंद्रियांनाही कळू नयेत. नागकेशराचा वास तर स्पष्ट येतो.

याचे उत्तर अत्तराच्या भट्टीवर मिळते. कनौजमध्ये तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरते. भपक्यात चंदनाचे तेल असते आणि तो पाण्यात गार ठेवलेला असतो. वाफेबरोबर आलेला गंध त्या तेलात मुरतो. म्हणजे गंधाला द्रव्य आहे, आणि ते तोलताही येते. १ किलो शुद्ध गुलाबतेलाला साधारण ३ ते ४ हजार किलो फुले लागतात. एवढ्या अल्प अंशातला काही भाग हवेत गेला, तर फुलाची झीज डोळ्यांना दिसणार कशी? नाकाला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरते. दृष्टान्तापुरती बाजी शंकराचार्यांची आहे. जीवाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

चमेलीसारख्या नाजूक फुलांचा वास उकळीत बिघडतो, पण खुडल्यावरही ती काही तास गंध सोडत राहतात. म्हणून तिळांवर त्यांचे थर रचतात, कोमेजली की ताजी घालतात आणि शेवटी तीळ घाण्यात गाळून फुलेल, म्हणजे सुगंधी तेल, काढतात. योगाचार परंपरेचे बौद्ध आचार्य असंग यांनी महायानसंग्रहात वासना, म्हणजे कर्माने मागे ठेवलेला संस्कार, समजावताना अशाच तिळांचे उदाहरण घेतले आहे. फूल जाते, तिळात गंध उपजवण्याची शक्ती राहते. तसे कर्म संपते, आलयविज्ञानात, म्हणजे बीजे साठवणाऱ्या चित्तप्रवाहात, त्याचे बीज राहते. नित्य आत्मा न मानता कर्मफळाची संगती लावायची, तर असा काही आधार हवाच. शिवाय फूल आणि तीळ एकत्र नांदल्याखेरीज हे घडत नाही, ही अट दृष्टान्ताला बळ देते.

पण वैशेषिक दर्शनाच्या लेखी गंध केवळ पृथ्वीचा गुण. पाण्याला किंवा वाऱ्याला वास येतो तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांमुळे. या हिशेबाने तिळात फुलाचे कणच उतरलेले असतात. मग आलयविज्ञानात कर्माचे काय उतरते? योगाचारांचे म्हणणे असे, की काहीच उतरत नाही. विज्ञानाचा प्रत्येक क्षण पुढच्या क्षणाला जन्म देतो आणि कर्माने घडलेले सामर्थ्य त्या ओघातच चालू राहते.