विटाळ कशाचा?



२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. सनातन्यांनी मग शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ते तळे 'शुद्ध' केले. विचार करा! पाण्यात काय आहे हे कोणी पाहिले नाही. पाण्याला हात कोणाचा लागला, एवढेच पाहिले. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपला हक्क मान्य केला. तो धर्म आपण सोडला. पण न तपासता पाण्याला शुद्ध म्हणण्याची सवय सोडली काय?

वसई तालुक्यातील राजोडी पाहा. गाव समुद्राला लागून. अशा किनाऱ्यावर मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक हात असेल, तर खाली ते सुमारे चाळीस हात असते, असा शास्त्राचा ठोकताळा आहे. म्हणजे उपशाने वरची पातळी एक हात उतरली, की खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस हात वर चढू पाहते. वसईत टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, ते उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, "विहीर माझी, पंप माझा, मी कितीही उपसले तर कोणाचे काय गेले?" बांध जमिनीवर असतो, जमिनीखाली नसतो. तुमच्या उपशाने शेजाऱ्याची विहीर खारी होते आणि त्याच्या शोषखड्ड्याची घाण तुमच्या घागरीत येते. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. पाणी हा तेव्हाही शीलाचाच प्रश्न होता.

जिभेवर विसंबू नका. खारेपणा उशिरा कळतो. नायट्रेट तर चवीला कळतच नाही. ते शौचखड्ड्यांतून व खतांतून येते आणि तान्ह्या मुलांना घातक ठरते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. क्लोराइड २५० पर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर १००० पर्यंत चालते.

एक तपासणी फक्त त्या दिवसाचे सांगते. आज क्लोराइड २०० असेल तर पाणी चांगले. पण मागे ते १०० आणि त्याआधी ५० असेल, तर विहीर बिघडत चालली आहे. म्हणून तीच विहीर, तेच महिने, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, दरवर्षी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आकडे वहीत लिहा आणि विहारात सर्वांसमोर वाचा. कोणाच्या विहिरीचे पाणी वाईट निघाले तर त्याला नावे ठेवू नका. त्याला आपल्या विहिरीवर बोलवा आणि सर्व मिळून उपसा कमी करा.

धम्म सांगतो, या आणि पाहा. विटाळ माणसाचा नसतो. पाण्यात काय मिसळले ते पाहणे ही प्रज्ञा. आपल्यानंतर पिणाऱ्यासाठी ते राखणे ही करुणा.

जयभीम!