लोणार कोणत्या जिल्ह्यात?

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत लोणारचे सरोवर हमखास भेटते ते एवढ्याच प्रश्नापुरते: ते कोणत्या जिल्ह्यात आहे? बुलढाणा. गुण पदरात पडला की सरोवराशी संबंध संपला. वास्तविक, विचारण्याजोगे पुढेच आहे. भोवतालचे दख्खनचे पठार लाव्हारसातून घडलेले. मग त्यातला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा ज्वालामुखीचे तोंड नाही, हे ठरवले कशावरून? बराच काळ त्याला ज्वालामुखीचेच काम मानणारे अभ्यासक होते. निकाल लागला तो खडकातल्या एका खनिजामुळे. जबरदस्त आघाताच्या दाबाने त्याची काच झालेली आढळली, आणि तेवढा दाब ज्वालामुखीतून येत नाही. तो आकाशातून आदळलेल्या पाषाणाचा. पाणी खारट का, याचेही उत्तर तिथेच काठावर उभे राहून काढता येते. झरे आत येतात, बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात.

‘सामान्य ज्ञान’ या नावाखाली आपण जे पाठ करतो त्यात हा ‘कशावरून’ गळालेला असतो, आणि म्हणूनच ते लवकर शिळे होते. राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते, २०१४मध्ये पालघर झाल्यावर ३६. प्लूटो २००६मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला. हॉकी हा राष्ट्रीय खेळ म्हणून पिढ्यांनी घोकले. पण सरकारने तसा कोणताच खेळ घोषित केलेला नाही, हे २०१२मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तराने उघड झाले. परीक्षांचेही तेच. आधी पहिली उत्तरतालिका, मग हरकती, मग अंतिम उत्तरतालिका, आणि त्यात चार-दोन प्रश्न रद्द. ज्ञानाचा निर्णय हरकतीच्या मुदतीवर अवलंबून राहावा, ही गंमत कुणाला फारशी खटकत नाही.

लाखो उमेदवारांची उत्तरे तपासायची तर बहुपर्यायी प्रश्नांना इलाज नाही, हे मान्य. माहितीवाचून विचार होत नाही, हेही मान्य. नारळावरचे जुने संस्कृत कोडे घ्या: झाडाच्या शेंड्यावर राहतो पण पक्षी नाही, तीन डोळे पण शंकर नाही, पाणी बाळगतो पण घडा नाही. सोललेल्या नारळाचे तीन डोळे ज्याने पाहिले नाहीत, त्याला हे सुटायचे नाही. फरक एवढाच, की इथे माहिती कामाला लागते. उत्तर कुणी सांगितले तरी ते बरोबर का, हे प्रश्नाकडे परत जाऊन ताडता येते. त्यासाठी उत्तरतालिका लागत नाही.

‘लीलावती’चा कर्ता कोण, हाही परीक्षेतला ठरलेला प्रश्न. भास्कराचार्य. पण बाराव्या शतकातल्या त्या पुस्तकातले प्रश्न मात्र फार वेगळ्या जातीचे आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, बुंध्याशी बीळ आहे, आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? बारा. हा आकडा पाठ करून मात्र भागत नाही. खांब बारा हातांचा केला आणि साप अठरा हातांवर ठेवला, की गाठ पाच हातांवर पडते, आणि त्या पाचापर्यंत पोचायला काटकोन त्रिकोण पुन्हा मांडावाच लागतो.