अंगठा वर करायला शिक

बस इथे. चहाचा कप दोन्ही हातांत धर, बोटांत जीव येऊ दे. मी बोलते ते पुरतं ऐकून घे, मध्ये "पण मॅडम" नको.

पाण्याखाली मी तुला तीनदा विचारलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं, ठीक आहेस का? तिन्ही वेळा तू तीच खूण परत केलीस. पहिल्या वेळी तू कुडकुडत होतास. दुसऱ्या वेळी तुझी बोटं नीट जुळतही नव्हती. तिसऱ्या वेळी गेजचा काटा 90 वर होता, आणि 100 बार झाले की मला कळवायचं, हे आपण किनाऱ्यावर ठरवलं होतं. तू तीनदा खोटं बोललास. पाण्याखाली माणसाचा हातच बोलतो. तो हातच खोटं बोलायला लागला, तर सोबतच्याने कशावर भरवसा ठेवायचा?

पुढे काय झालं ते तू घाबरलेला होतास म्हणून तुला धड आठवणार नाही. 12 मीटरवर तुझ्या रेग्युलेटरमधून हवा धो धो सुटली ती थांबेना. मिनिटभरात काटा 90 वरून 40 वर आला. मी माझा दुसरा रेग्युलेटर तुझ्या तोंडात दिला, तुझा पट्टा धरला आणि तुला सावकाश वर आणलं. मी हातभर अंतरावर होते म्हणून हे जमलं. आज पाण्यात जेमतेम चार मीटर दिसत होतं. मी पाच मीटरवर असते, तर तू मला दिसलाच नसतास.

आता तो रेग्युलेटर उचल आणि त्यावर काय कोरलंय ते मोठ्याने वाच. ईएन 250, आणि पुढे 10 अंशांपेक्षा जास्त अशी खूण. हे उपकरण 10 अंशांखालच्या पाण्यासाठी नाही, असं ते बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. आज सेंट ॲब्सच्या धक्क्याबाहेर पाणी 9 अंश होतं. सकाळी मी विचारलं, थंड पाण्याचा आहे ना? तू हो म्हणालास, न बघता. खोटं तिथूनच सुरू झालं. तुझ्या शब्दावर विसंबून मी स्वतः तपासलं नाही, ही माझी चूक. क्लबच्या नोंदवहीत ती मी माझ्या नावावर लिहिणार आहे. तुझी तू लिही.

असं का घडतं, तेही समजून घे, नाहीतर उद्या नशिबाला दोष देत बसशील. बाटलीतली दाबाखालची हवा रेग्युलेटरमध्ये एकदम प्रसरण पावते आणि गार पडते. भोवतालचं पाणी आधीच थंड असलं की आत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा सुटत राहते. जितकी हवा झपाट्याने खेचशील, तितका धोका वाढतो. तू भीतीने मोठमोठे श्वास घेत होतास आणि त्याच वेळी बटण दाबून ड्रायसूटमध्येही हवा भरत होतास. दोन्ही एकदम करायचं नाही, हे मी कालच सांगितलं होतं.

तू अंदमानला शिकलास, 18 मीटरचं प्रमाणपत्र घेतलंस. तुझ्या शिक्षकांना मी नावं ठेवत नाही. 28 अंशांच्या निळ्या पाण्यात पातळ सूट घालून ते जे शिकवतात, ते नीटच शिकवतात. पण ते पाणी चुका पोटात घालतं, हे घालत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. गारठ्याने आधी बोटं बधिर होतात, मग डोकं मंदावतं. मंदावलेलं डोकं "अजून पाच मिनिटं" म्हणतं आणि माणसाला तो आपला विचार वाटतो. आज तुझं तेच झालं. थंडी वाजते तेव्हा दोन्ही हात छातीवर आडवे धरून दंड चोळायचे, ही खूण तुला येते. आजच्या बावीस मिनिटांत ती तू एकदाही केली नाहीस.

हवेचा हिशेबही तू केला नव्हतास. 12 लिटरची बाटली, 200 बार, म्हणजे 2400 लिटर हवा. 12 मीटरवर दाब 2.2 बार. वर मिनिटाला 25 लिटर लागत असेल, तर तिथे 55 लागते. हा चौथीतल्या मुलाला जमणारा गुणाकार आहे. गारठलेला, धास्तावलेला माणूस याहून जास्त खातो. तरी तू काट्याकडे बघत नव्हतास. कॅथीड्रल रॉकच्या कमानीवरचं पांढरं-केशरी मऊ प्रवाळ बघत होतास. ते बघण्यासारखंच आहे, त्यासाठीच तर मी तुला इथे आणलं. 1984 पासून इथल्या लोकांनी हा सागरी पट्टा राखीव म्हणून जपलाय. पण जो काटा बघतो, त्यालाच ते प्रवाळ पुन्हा बघायला मिळतं.

आणि भरती-ओहोटी? परवाच पौर्णिमा झाली. उधाणाची भरती आणि भांगाची भरती तू शाळेत भूगोलात घोकली आहेस. मालवणचा मच्छीमार तिथी बघितल्याशिवाय होडी लोटत नाही. तू मात्र समुद्रात उतरण्याआधी तक्ता उघडला नाहीस. पाणी कधी थबकतं, कुठे ओढतं, हे मला विचारलंही नाहीस. कड्याच्या टोकापलीकडे जाऊ या म्हणून तूच मागे लागला होतास. तिथे उधाणाच्या ओढीत सापडला असतास, तर वर आल्यावरही किनारा गाठता आला नसता. आपण कुठे आहोत ते वरच्यांना दाखवणारा, तुझ्या खिशातला तो नारिंगी फुगा तू आजवर एकदा तरी पाण्याखालून सोडून बघितलास का?

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय ते सांगते. माहिती नसणं हा गुन्हा नाही, म्हणून तर शिक्षक असतो. सामान चुकीचं असणं सुधारता येतं. तू गप्प राहिलास, कारण बाकीच्यांपुढे आपण कच्चे दिसू अशी तुला लाज वाटली. त्या लाजेपायी तू जीव पणाला लावलास, आणि नुसता तुझाच नाही. तुला वर आणताना माझीही हवा तूच पीत होतास. घरी तुझी आई आहे, माझी मुलगी आहे. त्या दोघींना विचारून तू ती खूण केली होतीस का?

आपल्या क्लबात एक नियम सगळ्यांच्या वर आहे. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी अंगठा वर केला की सगळे वर येतात. कारण विचारायचं नाही, नाराजी दाखवायची नाही. वीस वर्षं पाण्यात काढलेले आमचे लोक अर्ध्यातून परत फिरतात आणि चहा पिऊन घरी जातात. त्यांना कोणी कच्चं म्हणत नाही.

तुझा रेग्युलेटर उन्हाळी सहलीसाठी ठेव, इथे तो पुन्हा आणायचा नाही. आज काय काय झालं ते आज रात्रीच लिहून काढ, एकही खूण न गाळता. पुढच्या शनिवारचा भरतीचा तक्ता पाठ करून ये. त्या दिवशी आपण बंदरातल्या पाच मीटरच्या पाण्यात उतरू, याहून खोल नाही. प्रवाळ नाही, कमान नाही. तिथे मी तुला पुन्हा पुन्हा विचारेन, ठीक आहेस का? गारठलास की मला ती गोल खूण नको. अंगठा वर कर. पाच मिनिटांत केलास तरी चालेल. मी लगेच तुझ्याबरोबर वर येईन, आणि त्या दिवसापुरता तू उत्तीर्ण झालास असं समजेन.

चहा निवला. दुसरा घे.