नाव चुकलं, जागा चुकली, की मोजणी?

जावाच्या फाइलीत वरच तिचं पॅकेज लिहिलेलं असतं. 'कॉम.कंपनी.बिल' लिहिलं, तर फाइल कॉम, त्यात कंपनी, त्यात बिल अशा फोल्डरांत असावी ही अपेक्षा. नसेल तर एक्लिप्स लाल खूण करतं आणि दोन उपाय सुचवतं : नाव बदला, नाहीतर फाइल हलवा.

गेल्या वर्षी टीममधल्या एका नव्या मुलाचं काम मी अंजूरच्या घरी बसून उघडलं. चाळीसच्या चाळीस फाइली लाल. कॉलवर सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "साधं पॅकेज लिहिता येत नाही?" तो गप्प. मी सगळी नावं बदलली, इम्पोर्ट दुरुस्त केले, लाल गेलं. कोड चढवला आणि ज्या मॉड्यूलांनी त्या फाइली जुन्या नावाने मागवल्या होत्या, ती सगळी अडली.

मग मूळ संदेश नीट वाचला. अपेक्षित नावाच्या सुरुवातीला 'मेन.जावा' होतं. मेव्हनच्या रिवाजाने कोड 'एसआरसी/मेन/जावा'त असतो आणि तिथूनच पॅकेज मोजायचं असतं. माझ्या मशीनवर सोर्स फोल्डर म्हणून नुसतं 'एसआरसी' लावलेलं होतं. नाव बरोबर, जागाही बरोबर. मोजायला सुरुवात मी दोन पायऱ्या आधीपासून केली होती.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेच्या इतिहासात आमच्या गावचे गंगाजी नाईक अंजूरकर भेटतात. 'अंजूरकर' ही ओळख गावाबाहेर कामाची. अंजूरमध्ये कोणाला अंजूरकर म्हणून हाक मारली, तर कोण ओ देणार? माणूस तोच, पण कुठे उभं राहून हाक मारतो यावर नावाचा उपयोग ठरतो.

याचा अर्थ दोष नेहमी मोजणाऱ्याचाच असतो असं नाही. एकच फाइल लाल असेल, तर तिच्यावर खुशाल शंका घ्यावी. सगळ्याच लाल दिसल्या, तर आधी आपली पट्टी तपासावी. अडचण अशी, की सुचवलेले दोन्ही उपाय समोरच्यालाच बदलायला सांगतात, आणि ते एका क्लिकवर असतात.

त्या मुलाला रात्री मेसेज करून माफी मागितली. "चालतंय दादा," एवढंच उत्तर आलं. पण बोललो होतो सगळ्यांसमोर. म्हणून सोमवारी कॉलवर पुन्हा सांगितलं : फाइली बरोबर होत्या, सेटिंग माझं चुकलं होतं.