दोनशे चाळीस दिवसांचे गाव

दिवाळी अंकात एक लेख दरवर्षी असतोच. कधी तो लालबाग-परळच्या चाळीवर असतो, कधी पिंपरीच्या एचए कॉलनीवर, कधी वालचंदनगरवर, तर कधी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्सवर. भोंग्यावर लावलेली घड्याळे, रात्रपाळी करून सकाळी झोपणारे वडील, गल्लीतला गणपती, पालिकेच्या शाळेतले छडीवाले मास्तर, वरच्या मजल्यावरच्या काकू. लेखक साठी ओलांडलेला, आणि बहुधा आता दुसऱ्याच शहरात राहणारा. असे लेख आपण हळहळत वाचतो आणि विसरतो. माझे म्हणणे असे की ते पुरावा म्हणून वाचायला हवेत. लेखकाला वाटत असते की आपण मायेबद्दल लिहितो आहोत. तो खरे तर वडिलांच्या नोकरीच्या अटींबद्दल लिहीत असतो. एकाच गल्लीत पंधरा वर्षे काढायला मिळणे, पहिली ते सातवी त्याच शाळेत त्याच पोरांबरोबर बसणे, दिवाळीचे ताट दर वर्षी त्याच चार दारांत पोहोचवणे, या गोष्टी आपोआप घडत नाहीत. त्यांच्यामागे कायम नोकरी होती, न वाढणारे भाडे होते आणि सरकारच्या किंवा कंपनीच्या पैशावर चालणारी, घरापासून चालत जाता येईल अशी शाळा होती. ही तिन्ही काढून घेतली तरी बालपण आठवतेच, पण त्या आठवणीला पत्ता राहत नाही.

हे तपासून पाहायला शिरूर तालुका फार चांगला. घोडनदीच्या काठचे शिरूर हे एके काळी कंपनी सरकारच्या छावणीचे गाव. १८१८ च्या पहिल्या जानेवारीला कोरेगाव भीमाला लढलेली तुकडी आदल्या रात्री इथूनच निघाली होती. पुढे ते बाजारपेठेचे आणि तालुक्याचे गाव झाले. गेल्या तीसेक वर्षांत मात्र तालुक्याचा तोल पुणे-नगर रस्त्यावर सरकला. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, कारेगाव, रांजणगाव ही गावे ओळखू येईनाशी झाली. अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या रांजणगावात आता फ्रिज, टीव्ही आणि मोटारी बनतात. शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने उभे आहेत. नव्वदच्या दशकात इथे आलेल्या कामगाराचे मूल आज तिशीला टेकलेले असणार. ‘आमची कारेगावची गल्ली’ असा लेख यायला अजून वीस-तीस वर्षे आहेत, थोडा धीर धरा, असे कोणी म्हणेल. मला वाटते तो लेख येणारच नाही. निदान त्या कामगाराच्या मुलाकडून तरी नाही.

कारण साधे आहे. तात्पुरत्या किंवा बदली कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केली तर त्याला कायम करावे, अशी तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत आली. हेतू कामगाराला आधार देण्याचा. व्यवहारात मात्र २४० हा आकडा गाठायचा नसलेला आकडा होऊन बसला. सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ द्यायचा, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर दुसऱ्या गेटमधून आत घ्यायचे, किंवा घ्यायचेच नाही, ही रीत पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात कामगारांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस, मध्यंतरी ‘नीम’ या प्रशिक्षण योजनेतले, अशी नावे बदलत गेली, मुदत तेवढीच आखूड राहिली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर निश्चित मुदतीच्या नोकरीला राजमान्य जागाच दिली. आता याच्याशेजारी शाळेचे वर्ष ठेवा. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरावी असे लिहिले आहे, आणि सुट्ट्या धरून हे दिवस जून ते एप्रिल असे जवळपास अकरा महिने पसरतात. म्हणजे बापाची नोकरी मुलाच्या इयत्तेपेक्षा आखूड. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्याला फेब्रुवारीअखेर ब्रेक मिळाला, तर पोराची वार्षिक परीक्षा तोंडावर असते. मग एक तर घर तिथे ठेवून बाप दुसरीकडे जातो, नाही तर बायको-मुले मराठवाड्यातल्या किंवा बिहारमधल्या गावी परत जातात, नाही तर पोराची शाळा बदलते. तिन्हींपैकी काहीही झाले तरी गल्ली तुटते.

राहण्याचा मामलाही असाच. जुन्या कारखान्यांना कामगाराला घर द्यावे लागे, कारण त्याशिवाय माणूस टिकत नसे. पिंपरीच्या माळावर १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हा तिच्याबरोबर वसाहत आणि शाळाही आली. वालचंदनगर तर पूर्ण गावच कारखान्याने वसवलेले. रांजणगाव-शिक्रापूर पट्ट्यात घराचा प्रश्न गावकऱ्यांच्या रिकाम्या गुंठ्यांनी सोडवला. पत्र्याच्या नाही तर स्लॅबच्या ओळीने खोल्या, एका खोलीत चार-पाच पोरे किंवा एक कुटुंब, सामाईक नळ, तोंडी बोली किंवा अकरा महिन्यांचा करार. यात गावकऱ्याला दोष द्यायचे कारण नाही. जमीन गेली, खोल्या राहिल्या, त्यांवर तो जगतो. कायम पगारावरचे बरेच कर्मचारी तर वाघोली-खराडीहून कंपनीच्या बसने ये-जा करतात, त्यांच्या मुलांच्या शाळा तिकडे. म्हणजे ज्याच्याकडे मुक्काम करायची ऐपत आहे तो इथे राहत नाही आणि जो राहतो त्याला मुक्काम परवडत नाही.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. गिरणगाव तरी कुठे कायम होते? बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहून आज काम मिळते का ते पाहत असे. बहुतेक गिरणी कामगार कोकणातून आणि घाटावरून एकटे आले, खानावळीत जेवले, गाळ्यात पाळीपाळीने झोपले, आणि त्यांची बायकामुले गावी राहिली. हे सगळे खरे आहे. पण माझ्या म्हणण्याला याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. मुंबईत पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे घ्या. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया जेमतेम निम्म्या होत्या. ज्या शहरात बाईच नाही तिथे अंगणातले बालपण कुठून येणार? त्या काळातल्या गिरणगावच्या लहानपणाबद्दल आपल्याकडे जवळपास काहीच लिहिलेले नाही. लेख सुरू होतात ते नंतरच्या मुलांचे. मधल्या काळात काय झाले? १९२५ मध्ये एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे नेमक्या गिरण्यांच्या भागात, प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. संघटनांनी लढून पगार, रजा आणि बोनस मिळवला. आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळीचे भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले. या कायद्याला अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत, त्यातल्या काही रास्तही आहेत. चाळींची डागडुजी थांबली ती त्याच्यामुळेच. तरी गिरणगावच्या आठवणींचा खरा प्रायोजक तोच. एका खोलीत तीन पिढ्या राहिल्या म्हणून शेजार झाला, शेजार झाला म्हणून कामगार रंगभूमी, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव मंडळे टिकली. शहर तेच, गिरण्या त्याच, कामही तेवढेच कष्टाचे; मुक्कामाची हमी आली आणि आठवणी लिहिल्या जाऊ लागल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे ती हमी गेली. संपानंतर या लेखांना पूर आला हे खरे, पण लिहिणारे सगळे संपाआधीच्या गल्ल्यांतले होते.

दुसरी हरकत अशी की हे स्मरणरंजन खोटे असते. चाळीत संडासापुढे रांगा होत्या, खोकला होता, दारू होती, आणि जात तर जिन्यागणिक होती. मान्य. पण मी आठवणी गोड असतात असे म्हटलेलेच नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले; त्यातला कावाखाना कोणाला हवासा वाटावा असा नाही. पण तो कावाखाना आहे, त्याला कोपरे आहेत, माणसे आहेत, ती पुन्हापुन्हा भेटतात. आपल्यावर झालेला अन्याय नेमका सांगायलाही जागा आणि साक्षीदार लागतात. नारायण सुर्व्यांना तर घरही नव्हते. रस्त्यावर सापडलेले मूल एका गिरणी कामगाराने वाढवले. ते पुढे पालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि त्याच व्यवस्थेत शिक्षकही. १९६६ च्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ ठेवताना त्यांच्या मनात जो रस्ता होता, तो तीस वर्षे पायाखाली राहिलेला रस्ता होता. कटू आठवणीलाही गोड आठवणीइतकाच मुक्काम लागतो.

आता दौंड. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेने कामगाराला क्वार्टर दिले, पास दिला, बढतीची शिडी दिली. साहेबांचे बंगले वेगळे आणि गँगमनच्या खोल्या वेगळ्या, ही उतरंड होती. तरी सगळ्यांनाच उद्याचा हिशेब मांडता येत होता. म्हणून रेल्वे वसाहतीत वाढलेला माणूस आजही गाव सांगताना आधी वसाहत सांगतो. पण त्याच तालुक्यात, पाटसच्या साखर कारखान्यावर, आणि शिरूरमध्ये न्हावऱ्याच्या घोडगंगावर, दुसरी काही मुले वर्षानुवर्षे येत राहिली. बीड-नगरकडून मुकादमाची उचल घेऊन कोयता, म्हणजे ऊसतोड जोडी, दिवाळीच्या आसपास निघतो आणि गळीत संपल्यावर परततो. बरोबर आलेल्या पोरांचे अर्धे शालेय वर्ष उसाच्या फडात आणि कोपीत जाते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, काही कागदावर राहिल्या. या मुलांच्या बालपणावर ‘आमची गल्ली’ छापाचा लेख आपण कधी वाचला आहे का? आपण रांजणगावच्या कामगाराची तुलना सवयीने लालबागच्या कामगाराशी करतो, कारण दोघांच्या डोक्यावर कारखान्याचे छप्पर आहे. मुलांच्या बाजूने पाहिले तर तो कोयत्याच्या जवळचा आहे. फरक इतकाच की ऊसतोडीची मुदत निसर्गाने आखून दिली आहे, कंपनीतली माणसाने.

शाळा तर पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारल्या, असेही म्हटले जाईल, आणि शिरूर तालुक्यातच त्याचा दाखला मिळेल. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा राज्यभर गाजली. वाडीने जमीन दिली, लोकांनी श्रम आणि पैसा दिला, बाहेरच्यांनी प्रवेशासाठी रांगा लावल्या. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी देशभर ओळखला जातो. या दोन्ही गोष्टींचा अभिमान वाटावा. पण वाबळेवाडी कशामुळे उभी राहिली ते नीट पाहा: सातबाऱ्यावर नाव असलेली माणसे, एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी, आपली मुले याच शाळेत शिकणार याची खात्री असलेली. जो पालक पुढच्या जूनमध्ये इथे असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही, तो कोणत्या शाळेच्या भिंतीसाठी वर्गणी देईल? कायद्याने त्याच्या मुलाला वयानुरूप प्रवेश दिला, दाखल्यावाचून अडवू नका असेही सांगितले. प्रवेशाचा प्रश्न त्याने बऱ्याच अंशी सुटला. टिकण्याचा प्रश्न शिक्षण खात्याच्या हातातच नाही. तो कामगार खात्याच्या फायलीत आहे, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलतात असे अजून तरी दिसलेले नाही. ज्याचे मूल शाळेत आहे त्याला जून ते एप्रिल ब्रेक देऊ नये, एवढी एक अट कंत्राटदाराच्या परवान्यात घातली तर काय बिघडेल? कंत्राटदार मुले नसलेलीच माणसे भरतील, हा धोका आहे, तो खराही आहे. पण पट्ट्यातल्या सगळ्याच कामगारांना ही अट लागू केली तर निवडायला जागा उरत नाही.

शेवटची हरकत तरुणांची असेल: आम्हाला गल्ली नकोच आहे, आमचे मित्र फोनमध्ये आहेत, एका जागी कुजण्यापेक्षा हिंडलेले बरे. स्वतःहून हिंडणाऱ्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण बंगळूरुहून पुण्याला नोकरी बदलणारा आणि सणसवाडीहून चाकणला ढकलला गेलेला, हे दोघे एकाच शब्दात बसत नाहीत. पहिल्याची मुले नवी शाळा निवडतात, दुसऱ्याची गमावतात. आणि कारेगाव-शिक्रापूरबद्दल आठवणी लिहिल्या जाणार नाहीत असेही नाही. त्या खोल्यांच्या मालकाची मुले लिहितील. ती इथेच वाढली, त्याच शाळेत शिकली, जमीन गेली आणि भाडे आले हे त्यांनी पाहिले. त्यांचा लेख प्रामाणिक असेल आणि वाचनीयही. त्यात मागच्या चाळीत राहणारी, परभणीची की पाटण्याची ते नक्की न आठवणारी, एका उन्हाळ्यात निघून गेलेली काही मुले एखाद्या वाक्यात येतील, आणि त्यांचा उल्लेख ‘भाडेकरूंची पोरे’ असा होईल.